दोन बिलं, खोडलेलं वाक्य एकच

गोंदियाकडच्या आमच्या वस्तीत सकाळ व्हायची ती तेंदूच्या भिजवलेल्या पानांच्या वासानं. आई दारात मांडीवर सूप घेऊन बसायची आणि विड्या वळायची. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे. धानाचा हंगाम संपला की मिल बंद, आणि मग सगळं घर आईच्या बोटांवर. संध्याकाळी ती टोपली घेऊन ठेकेदाराकडे जायची. तिथे तपासायला एक माणूस बसलेला असे. तो विड्या हातात घेऊन दाबून बघायचा आणि काही बाजूला टाकायचा. ही वाकडी, ही सैल, हिचं तोंड नीट मुडपलेलं नाही. बाजूला टाकलेल्या विड्यांना ‘छाट’ म्हणत. छाटीचे पैसे मिळत नसत. पण छाट परतही मिळत नसे. ती ठेकेदाराकडेच राहायची आणि पुढे कुठेतरी विकली जायची. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

आई एकदा म्हणाली, “पैसे नसन देत तं नको देऊ, पन माह्या बिड्या तं वापस दे.” त्यानंतर बरेच दिवस तिला पानंच मिळाली नाहीत. त्या दिवसांत आम्ही काय खाल्लं ते शेजारच्या मावशीला विचारायला हवं, कारण ते तिच्याच घरून येत होतं.

मतदानाच्या दिवशी मात्र आई धुतलेलं लुगडं नेसायची, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोला हात जोडायची आणि रांगेत सगळ्यांच्या आधी उभी राहायची. आमच्या लोकांना मत म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी बायोडेटात लिहीत नाही, पण बोलण्यात कुठून तरी येतंच, येऊ द्यावं. नागपुरात कायद्याची पदवी घेतली, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत, पार्सिपनीत आले. इथे कायदा पुन्हा पहिल्यापासून शिकले, वकिलीची परीक्षा दिली. मग नवऱ्याची कंपनी आम्हाला दुसऱ्या एका राज्यात घेऊन गेली आणि तिथल्या विधिमंडळाच्या कचेरीत मला नोकरी लागली. निवृत्त होईपर्यंत तीच. ते राज्य कोणतं ते लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील. न बोलण्याची सवय आता जाणार नाही.

माझं काम बिलं लिहिण्याचं. बिल म्हणजे विधेयक. आमदाराच्या डोक्यात एखादी कल्पना येते, तो आमच्याकडे येतो, आणि आम्ही तिचं कायद्याच्या भाषेत रूपांतर करतो. आम्ही कुठल्याच पक्षाचे नसतो. सकाळी एकासाठी कर वाढवायचं बिल लिहायचं, दुपारी दुसऱ्यासाठी तोच कर काढून टाकायचं, आणि दोन्ही सारख्याच मनापासून लिहायची. कुणी काय मागितलं हे दुसऱ्याला सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. मी लिहिलेल्या बिलांपैकी बहुतेक समितीतच मेली. त्यांतल्या काहींची अजून हळहळ वाटते, कारण फार छान जमली होती.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका आमदाराला राज्याचं अधिकृत बिस्कीट जाहीर करायचं होतं आणि तो नमुने घेऊन आला होता. एकाला ‘कडक’ कायदा हवा होता, पण त्यात कुणालाच शिक्षा नको होती. “मग कडक कसा?” असं विचारलं तर म्हणाला, “भाषा कडक ठेवा.” मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात गेले की कुलकर्णीकाका हमखास गाठायचे. “वंदना, आमच्या पुतण्याच्या ग्रीन कार्डाचं एखादं बिल टाइप कर ना!” “काका, ते वॉशिंग्टनचं काम.” “मग तू तिथे करतेस तरी काय?” या लेखात त्यांना उत्तर देते आहे.

आता मुद्द्याचं. इथे आपण मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाच्या नावापुढे खूण करतो, पण खरं म्हणजे निवडतो ते इलेक्टर. प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टर असतात. डिसेंबरात ते आपापल्या राज्याच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, जमतात आणि खरं मत देतात. देशभरात दोनशे सत्तर इलेक्टर ज्याचे, तो अध्यक्ष. राज्यानं आपले इलेक्टर कसे वाटायचे हे राज्याचं विधिमंडळ ठरवतं. जवळजवळ सगळ्या राज्यांत नियम एकच. राज्यात ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याला सगळे इलेक्टर. दुसऱ्याला शून्य, मग तो थोडक्यात का हरलेला असेना. आमच्या राज्याच्या कायद्यात हे एका वाक्यात लिहिलेलं होतं.

एका रविवारी फोनवर आईला हे समजावून सांगत होते. कायदा छापलेलाच होता, तो सांगायला बंदी नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“अन् हरनाऱ्याच्या लोकायची मतं?”

“मोजतात.”

“मोजून?”

“सगळे इलेक्टर जिंकणाऱ्याला. इलेक्टर किती ते लोकसंख्येवर ठरतात, त्यात हे लोकही धरलेले असतात.”

“म्हंजे तिकडंबी छाट हाये म्हन,” आई म्हणाली. “ठेवून घेतेत अन् दुसऱ्याच्या नावानं इकतेत.” मग तिनं विषय बदलला आणि माझी मुलगी जेवते का नीट ते विचारलं.

पुढच्या हिवाळ्यात हॉलिस माझ्याकडे आले. गावाकडच्या एका काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, आमदार, गुराढोरांच्या खाद्याचं दुकान, हातात कायम टोपी. मला ते मिस व्ही म्हणायचे. त्यांचं ते शेवटचं अधिवेशन होतं, पुढच्या निवडणुकीला उभे राहणार नव्हते. खुर्चीत बसता बसता म्हणाले, “मिस व्ही, माझ्या काउंटीत लोक अध्यक्षाला मत द्यायला जायचे बंद झालेत. दुकानात येऊन मला म्हणतात, हॉलिस, आमचं मत राज्याच्या वेशीपर्यंतसुद्धा पोचत नाही. माझा नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही दर वेळी हरायला कशाला जाता? मला जाण्याआधी एवढं करायचंय. त्या लोकांची मतं कुठेतरी धरली गेली पाहिजेत.”

त्यांना हवी होती मतदारसंघांप्रमाणे वाटणी. ज्या मतदारसंघात जो जिंकेल, तिथला इलेक्टर त्याचा. दोन राज्यांत तसं चालतंही. मी बिल लिहायला घेतलं. पहिल्याच कलमात ते जुनं वाक्य खोडलं. इथल्या बिलात रद्द होणारा मजकूर छापतात, पण त्यावर आडवी रेघ असते. काय जातंय ते सगळ्यांना दिसावं म्हणून.

ते काम टेबलावर असतानाच डेनीस आली. शहरातली, दुसऱ्या पक्षाची, आधी शाळेत नर्स होती. तिचं वेगळंच. तिच्या लोकांचा उमेदवार आमच्या राज्यात नेहमीच जिंकायचा. “म्हणून तर माझे लोक येत नाहीत,” ती म्हणाली. “म्हणतात, जिंकलेलोच आहोत, रांगेत कशाला उभं राहायचं?” तिला आमचं राज्य एका करारात आणायचं होतं. काही राज्यांनी तो आधीच केला आहे. करार असा, की आम्ही सगळी राज्यं आपले इलेक्टर देशभरात ज्याला सर्वांत जास्त मतं मिळतील त्याला देऊ. पण करार करणाऱ्या राज्यांचे इलेक्टर मिळून दोनशे सत्तर भरतील तेव्हाच तो लागू होणार. तोवर जुनाच नियम. मी तेही बिल लिहायला घेतलं. आणि त्यातही, करार लागू होईल त्या दिवसापासून, तेच वाक्य खोडलं.

दोन्ही मसुदे शेजारी ठेवले आणि बघत बसले. एकमेकांची तोंडं न बघणारे दोन पक्ष, आणि रेघ एकाच वाक्यावर.

आमच्या कचेरीत एक रिवाज आहे. दोन आमदारांनी एकसारखंच बिल मागितलं, तर लिहिणारा दोघांना वेगवेगळं विचारतो, “अशीच मागणी आणखी कुणाची तरी आहे. तुमचं नाव त्यांना सांगू का?” दोघं हो म्हणाले तरच सांगायचं. एक नाही म्हणाला तर विषय संपला. मी माझी वरिष्ठ हॅरिएट हिच्याकडे गेले.

ती म्हणाली, “वंदना, ही बिलं एकसारखी कुठे आहेत? एक पूर्वेला जातंय, एक पश्चिमेला.”

“निघतायत एकाच दारातून,” मी म्हटलं. “पहिलं कलम बघ.”

तिनं दोन्ही पहिली पानं वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. “विचार त्यांना. पण ‘एकसारखं’ म्हणू नकोस. ‘त्याच वाक्याबद्दल’ म्हण. आणि विचारल्यावर गप्प बस. हो म्हणा असं तुझ्या चेहऱ्यावरसुद्धा दिसायला नको. दिसलं तर उद्यापासून या खोलीत कुठलाच आमदार येणार नाही.”

मी विचारलं आणि गप्प बसले. दोघंही हो म्हणाले. दोघांनाही वाटलं होतं की दुसरा आपल्याच पक्षाचा असेल.

माझ्या खोलीत भेटले तेव्हा हॉलिस दारातच थबकले. “तुम्ही?”

“मलाही तेच म्हणायचंय,” डेनीस म्हणाली. “बसा, चावत नाही मी.”

“ते मी सभागृहात पाहिलंय.”

बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते आहे. डेनीसनं त्यांचा मसुदा वाचला. “मतदारसंघांच्या रेषा कोण काढतं?”

“विधिमंडळ.”

“बहुमत कुणाचं?”

“तुमचं.”

“मग पुढच्या खेपेला आमचे लोक रेषा अशा काढतील की तुमच्या वाट्याला एकसुद्धा इलेक्टर येणार नाही. आम्ही चांगली माणसं आहोत हो, पण इतकी चांगली नाही.”

हॉलिस हसले. मग त्यांनी तिचा मसुदा उचलला. “आणि हे? आमच्या राज्यानं पाडलेल्या माणसालाही आमच्या राज्याचे इलेक्टर?”

“देशात त्याला जास्त मतं असतील तर, हो.”

“लोक मला सोलून काढतील.”

“हॉलिस, आत्ता काय होतंय? तुमच्या काउंटीनं पाडलेल्या माणसालाच तुमच्या वाटचे इलेक्टर जातात. दर वेळी. तेव्हा कुणी कुणाला सोललं?”

हॉलिसनी तिचा मसुदा खाली ठेवला. मग माझ्याकडे वळले. “मिस व्ही, तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटण्याचा पगार मिळत नाही.”

डेनीस खो खो हसली. हॉलिस टेबलावरच्या फोटोकडे बघत होते. आई, दारात बसलेली, मांडीवर सूप. “या कोण? काय करतायत?”

आईबद्दल विचारलं तर सांगायला बंदी नव्हती. मी विडी म्हणजे काय ते सांगितलं, ठेकेदार सांगितला, छाट सांगितली, आईनं विड्या परत मागितल्या तेही सांगितलं. बिलाबद्दल एक अक्षर बोलले नाही. आईनं फोनवर काय जोडलं होतं तेही नाही.

हॉलिसनी विचारलं, “टाकून दिलेल्या त्या... विकायचे?”

“हो.”

“त्यांचे पैसे तुमच्या आईला नाहीत?”

“नाहीत.”

त्यांनी टोपी घातली आणि निघून गेले. डेनीस म्हणाली, “यांना काय झालं?” मी म्हटलं, “दुकानदार आहेत, हिशेब कळतो.”

हॉलिसचं बिल समितीत मेलं. रेषा कोण काढणार, या एकाच प्रश्नावर. त्यांच्याच पक्षाचे दोघं विरोधात गेले. त्या दिवशी ते कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलेले दिसले. अधिवेशन संपत आलं होतं. मी ‘गुड आफ्टरनून’ म्हटलं आणि पुढे गेले. शेजारी बसायला हवं होतं, असं आजही वाटतं, पण आमच्या नोकरीत तसं बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. “डेनीसच्या बिलाला मी मत देईन. माझ्या बाजूचे काही जणही आणीन. पण त्या करारात मला एक गोष्ट घालायचीय.”

“करारात एक स्वल्पविरामही घालता येत नाही,” मी म्हटलं. “सगळ्या राज्यांचा करार एकच असायला हवा. बदललात तर तो करारच राहणार नाही.”

“मग कराराच्या बाहेर?”

“बाहेर वेगळं कलम करता येईल. काय हवंय?”

ते उभ्याउभ्याच बोलले. “डिसेंबरात इलेक्टर येतात, सह्या करतात, फोटो काढतात, जेवायला जातात. माझ्या लोकांनी मत दिलं होतं याचा त्या खोलीत मागमूस नसतो. इलेक्टरांनी मत द्यायच्या आधी प्रत्येक काउंटीची मतं मोठ्यानं वाचायची. नाव घेऊन. जिंकलेल्याची आणि हरलेल्याचीही. सगळे बसून ऐकतील.”

“त्यानं निकाल बदलणार नाही, हे स्पष्ट सांगणं माझं काम आहे.”

“मिस व्ही, मी जनावरांचं खाद्य विकतो, खात नाही.”

मी लिहायला घेतलं. कराराचा मजकूर, वाक्य रद्द करणारं कलम, आणि शेवटी त्यांचं. तारखेच्या ओळीशी आले आणि थांबले. सबंध बिल करार लागू होईल त्या दिवसावर टांगलेलं होतं. कुणी विचारलं नसतं तर हॉलिसचं कलमही त्याच खुंटीला लटकलं असतं, आणि दोनशे सत्तर कधी भरतील ते कुणालाच माहीत नाही. मी त्यांना फोन केला.

“तुमचं कलम कराराबरोबर लागू करायचं की लगेच?”

“करार कधी लागू होईल?”

“सांगता येत नाही.”

“तोवर मी असेन?”

“तेही मला सांगता येत नाही.”

पलीकडे दुकानात कुणीतरी पोतं आपटल्याचा आवाज आला. “मग लगेच,” हॉलिस म्हणाले. डेनीसनंही मान्य केलं. “वाचायला कुणाचं काय जातंय,” एवढंच तिचं म्हणणं.

सभागृहात चर्चा झाली तेव्हा मी नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीशी होते, कुणाला कलमाचा अर्थ विचारायचा झाला तर हाताशी असावं म्हणून. विरोधात बोलणारेही चांगलं बोलले. राज्याचा आवाज राज्याबाहेरच्या मतांनी का ठरावा, हा प्रश्न खोटा नाही. मग हॉलिस उठले. त्यांनी देशाची घटना काढली नाही की इतिहास काढला नाही. म्हणाले, “एक बाई घरी बसून विड्या वळायची. तपासणारा काही बाजूला टाकायचा, त्यांचे पैसे द्यायचा नाही, आणि नंतर त्याच विकायचा. ती बाई म्हणाली, पैसे देत नसाल तर माझ्या परत द्या. मला त्या बाईपेक्षा चांगलं बोलता येणार नाही.” आणि खाली बसले.

माझा फोन थरथरला. जर्सी सिटीत राहणारी माझी मुलगी ऑफिसमधून ऑनलाइन बघत होती. बाहेर जाऊन फोन घेतला. “आई! दॅट वॉज आजी! ही जस्ट टोल्ड आजीज स्टोरी!”

“हो गं. हळू बोल, ऑफिसात आहेस.”

“आय डोन्ट केअर,” ती म्हणाली. रडत होती बहुतेक.

मी आत आले तर हॅरिएट भिंतीशी उभी. मला वाटलं, आता बोलणी बसणार. “मी बिलाबद्दल काही बोलले नव्हते,” मी पुटपुटले.

“तू या कचेरीची नोकर आहेस, तुझी आई नाही,” ती म्हणाली. “तिला हवं ते म्हणू दे.”

बिल थोडक्यात मंजूर झालं. पुढे वरच्या सभागृहात झालं, गव्हर्नरची सही झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिल लिहिणारे टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून मी हात मागे धरून उभी होते. आईला सांगायला उशीर झाला. ती त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेली होती. नवरा अजूनही विचारतो, “खरं सांग, तू कुणाच्या बाजूची होतीस?” त्याला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.

मी निवृत्त झाले. मग अध्यक्षीय निवडणूक झाली, डिसेंबर आला, आणि डेनीसनं निरोप पाठवला, “गॅलरीत दोन खुर्च्या ठेवल्यात.” दुसऱ्या खुर्चीवर हॉलिस होते. बारीक झाले होते, काठी आली होती. टोपी गुडघ्यावर.

खाली इलेक्टर बसले. नेहमी पहिल्यांदा सह्या व्हायच्या. या वेळी राज्याची सेक्रेटरी, निवडणुकांचं काम बघणारी मोठी अधिकारी, उठली आणि वाचू लागली. काउंटीचं नाव, मग प्रत्येक उमेदवाराची मतं. मग पुढची काउंटी. बराच वेळ चाललं. फोटोग्राफर चुळबुळ करू लागले. एका इलेक्टरनं घड्याळ बघितलं, शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. हळूहळू सगळे शांत बसले. शहराच्या काउंटीचं नाव आलं तेव्हा डेनीसनं वर आमच्याकडे बघून मान हलवली.

मग हॉलिस यांच्या काउंटीचं नाव आलं. एका उमेदवाराचा आकडा, दुसऱ्याचा आकडा. हॉलिस पुढे झुकले होते. आकडे संपल्यावर मागे टेकले.

“बरोबर वाचलं,” म्हणाले. “नातू गेला होता या खेपेला. त्यातलं एक त्याचं.”

वाचन संपलं, इलेक्टरांनी मतं दिली, सह्या केल्या. आम्ही खाली जाऊन कॉफी प्यालो. कॉफीचे पैसे हॉलिसनी दिले, कारण आता ते आमदार नव्हते आणि मी सरकारी नोकर नव्हते.

हे लिहिते आहे तोवर दोनशे सत्तर भरलेले नाहीत. करार कायद्याच्या पुस्तकात आहे, पण लागू नाही. ते जुनं वाक्यही अजून तिथेच आहे. खाली टीप आहे, की करार लागू होईल त्या दिवशी ते रद्द होईल. पण शेवटचं कलम लागू आहे. दर अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या डिसेंबरात आमच्या राज्यात, इलेक्टरांनी मत देण्याआधी, प्रत्येक काउंटीची मतं मोठ्यानं वाचली जातात. हरलेल्यांचीसुद्धा. ते कलम मी लिहिलं आहे.